दुसरी यशोधरा गजभिये

माझा निकाल राखून ठेवला होता. राखून ठेवणे हा विद्यापीठाचा शब्द. आमच्या नागपुरातल्या इंदोऱ्यात पाहुण्यासाठी लाडू राखून ठेवतात, पोरीच्या लग्नासाठी पातळ राखून ठेवतात. निकालही राखून ठेवतात, हे मला सत्त्याहत्तरच्या जूनमध्ये कळलं. पेपरात बी.ए.चे नंबर छापून आले, त्यात माझा नव्हता. बाबांनी चष्मा पुसून तो रकाना तीनदा वाचला आणि म्हणाले, "छापणाऱ्याचं चुकलं असन." माझ्यापेक्षा छापखाना चुकला असेल, हे त्यांना सोपं वाटलं.

नापास झाले असते तर एकदाची रडून मोकळी झाले असते. पण कॉलेजातल्या कारकुनाने मला आतली यादी दाखवली. माझ्या नावापुढे दुसरा वर्ग लिहिलेला होता आणि त्यावर लाल शाईने काट मारलेली होती. आमच्या गल्लीत तोवर बी.ए. झालेली पोरगी नव्हती. बी.एड. करायचं, मास्तरीण व्हायचं, हे मी आठवीपासून ठरवून बसले होते, आणि त्या लाल काटेवाचून मधे दुसरं काही नव्हतं.

ऑगस्टमध्ये विद्यापीठाचं पत्र आलं. एकोणीसशे पंचाहत्तरच्या हिवाळी परीक्षेत, कामठी केंद्रावर, बी.ए.ला बसले असताना मी चिठ्ठीसह पकडली गेले होते, असं त्यात लिहिलं होतं. त्याबद्दल मला तीन वर्षं परीक्षेतून बाद केलं होतं. ती गोष्ट लपवून मी पुढच्या परीक्षा दिल्या, सबब माझा निकाल रद्द आणि पदवी मिळणार नाही. खाली शिक्का. कामठीला मी जन्मात एकदा गेले होते, तेही मावसबहिणीच्या लग्नाला, आणि तिथे मी बुंदीशिवाय काही उचललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या खिडकीवर गेले. आतल्या बाबूने मोठं रजिस्टर काढलं, पान उलटलं आणि माझ्याकडे फिरवलं. "यशोधरा नत्थू गजभिये. जन्म एक जुलै सत्तावन्न. हे नाव तुमचंच ना?"

"नाव माझं आहे. पण ही मी नाही."

"मग कोण आहे?" त्याने रजिस्टर परत आपल्याकडे घेतलं. "नाव तेच, बापाचं नाव तेच, आडनाव तेच, जन्मतारीख तीच. अहो बाई, देवानंसुद्धा इतकी सारखी दोन माणसं केली नसतील."

"देवानं नाही केली, हेडमास्तरनं केली," मी म्हणाले. बाबूला ते उद्धट वाटलं आणि त्याने खिडकी लावली. खरं तर मी त्याला सरळ माहिती देत होते.

आमच्याकडे पोरांच्या जन्मतारखा आईबाप ठरवत नाहीत. आईला विचारलं की ती सांगते, "दीक्षेच्या वक्ती तू पोटात होती. उभी राहून राहून पाय सुजले होते माहे. मंग थंडीत झाली तू." म्हणजे छप्पनच्या दसऱ्याला आई दीक्षाभूमीवर उभी होती, आणि मी त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी जन्मले. पण बाबा मला शाळेत घेऊन गेले तेव्हा हेडमास्तरांनी तोंड पाहिलं, वय पाहिलं आणि 'एक जुलै' लिहून टाकलं. शाळा जुलैत भरते, हिशोबाला सोपं पडतं. माझ्या वर्गात बेचाळीस पोरं होती, त्यांतली एकतीस एक जुलैला जन्मलेली. सगळ्यांच्या आया एकाच दिवशी अडल्या असत्या तर नागपुरातल्या सुइणींची काय दशा झाली असती!

नत्थूचंही तसंच. ज्या घरात पोरं जगत नसत, तिथे मुलगा झाला की त्याचं नाक टोचायचे आणि नत्थू नाव ठेवायचे, म्हणजे काळ त्याला मुलगी समजून सोडून देतो. माझ्या आजीची चार गेली होती. बाबांच्या नाकाला शेवटपर्यंत बारीक भोक होतं. पुढे आम्ही देव सोडले, ताईत सोडले, पण बाबांचं नाव आणि नाकातलं भोक तसंच राहिलं. आमच्या एका गल्लीत तीन नत्थू होते आणि तिघांचीही नाकं टोचलेली.

हे सगळं मी त्या बाबूला कसं सांगणार होते!

गल्लीत बातमी पसरायला दुपार पुरली. समोरच्या घरातला गोविंदा, जो स्वतः मॅट्रिकला तीनदा आपटला होता, मला पाहून ओरडला, "काय वं कॉपीवाली, चिठ्ठीवर काय लिवलं होतं?" मी त्याच्या अंगावर धावून गेले. आईने मागून पदर धरला म्हणून तो वाचला. पण रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले. पदवी गेली त्याचं दुःख होतंच, पण मला चोर म्हटलं होतं, आणि ते मला सहन होत नव्हतं. चार वर्षं कंदिलाच्या उजेडात वाचून मी काय मिळवलं, तर एक लबाडीचं पत्र.

बाबा गिरणीत होते. तिथल्या युनियनच्या माणसाने त्यांना कुसुमताई वझलवारांचं नाव सांगितलं. प्रतापनगरात राहायच्या. बाबांनी मला सायकलवर मागे बसवलं आणि इंदोऱ्यापासून प्रतापनगरापर्यंत दोन ठिकाणी थांबत आम्ही पोचलो. कुसुमताई पन्नाशीच्या, नाकावर चष्मा, मुलं मोठी झाल्यावर वकिली शिकलेल्या. त्यांच्याकडे बहुतेक नवऱ्याने टाकलेल्या बायका येत. आम्ही गेलो तेव्हा त्या पाटीवर सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत बसल्या होत्या. मी बोलत होते आणि त्या काड्या मोडत होत्या, मला वाटलं यांचं लक्षच नाही. मग त्यांनी पत्र मागितलं, दोनदा वाचलं आणि हात पदराला पुसले.

"यांनी तुला एकदा तरी बोलावून विचारलं का, की बाई गं, ही तूच आहेस का?"

"नाही."

"मग झालं. न विचारता शिक्षा देता येत नाही. हायकोर्टात रिट करू, विद्यापीठाविरुद्ध."

बाबा खुर्चीच्या कडेवर बसले होते, ते उभेच राहिले. "विद्यापीठावर केस? बाई, मंग ते पोरीले पुढं शिकू देतीन का?"

"आता कुठे शिकू देताहेत, नत्थूजी?" कुसुमताई म्हणाल्या. बाबांना आयुष्यात 'जी' लावून बोलावणारं कोणी भेटलं नव्हतं. ते परत खाली बसले आणि कागदावर सही केली.

त्यानंतर सव्वा वर्ष गेलं. रिट दाखल व्हायचं, विद्यापीठाचं उत्तर यायचं, त्याला आमचं उत्तर जायचं. त्या दिवसांत बी.एड.चे दोन प्रवेश माझ्यासमोरून निघून गेले. मी गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घेतल्या, आईबरोबर भांडले, बाबांबरोबर अबोला धरला आणि पुन्हा पुन्हा कुसुमताईंच्या ओट्यावर जाऊन बसले. त्या म्हणायच्या, "कोर्टाचं काम म्हणजे डाळ शिजवणं आहे बाई, झाकण उघडून पाहिलं म्हणून लवकर शिजत नाही." मला ती डाळ कधीच शिजणार नाही असं वाटायचं.

अठ्ठ्याहत्तरच्या नोव्हेंबरमध्ये सुनावणी लागली. मोठा दगडी हॉल, वर दोन न्यायमूर्ती, आणि सगळं बोलणं इंग्रजीत. मी बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं तरी मला निम्मंच कळत होतं. बाबांना काहीच कळत नव्हतं, तरी ते प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. विद्यापीठाचे वकील उंच, गोरे, फार सभ्य. त्यांनी कामठीच्या परीक्षेच्या फॉर्मवरची सही दाखवली. माझ्या सहीशी ती जुळत नव्हती. ते म्हणाले, मुलींच्या सह्या लग्न होईपर्यंत दर वर्षी बदलतात. हॉलमध्ये लोक हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कुसुमताईंनी मग माझ्या शाळेच्या दाखल रजिस्टरचा उतारा पुढे केला. बेचाळीस पोरं आणि एकतीस एक जुलै. त्यांनी तो मोठ्याने, एकेक नाव घेत वाचला. सतराव्या एक जुलैला थोरले न्यायमूर्ती गालात हसले. त्यांची स्वतःची जन्मतारीख एक जून आहे, असं कुसुमताई नंतर म्हणाल्या. त्यांना हे कुठून कळतं कोण जाणे.

पण हसून झाल्यावर न्यायमूर्तींनी पेन खाली ठेवलं आणि एक प्रश्न विचारला. तो मला पूर्ण कळला. दुसरी मुलगी आहे असं तुम्ही म्हणता, तर ती आहे कुठे?

फॉर्मवर तिचा पत्ता एवढाच होता: कन्हान, जिल्हा नागपूर. कुसुमताईंनी त्या पत्त्यावर रजिस्टर पत्र पाठवलं होतं. ते 'पत्ता अपुरा' असा शेरा घेऊन परत आलं. विद्यापीठाचे वकील नम्रपणे म्हणाले की पत्र परत येणारच, कारण ज्या बाईला ते पाठवलं ती तर इथेच कोर्टात बसली आहे. न्यायमूर्तींनी आठ जानेवारीची तारीख दिली. तोवर त्या मुलीचं प्रतिज्ञापत्र आणा, जमलं तर तिलाच समक्ष आणा. नाही आणलं तर आहे त्या कागदांवर निकाल देऊ.

"आहे त्या कागदांवर म्हणजे?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"म्हणजे पंचाईत," कुसुमताई म्हणाल्या. त्या कधी खोटा धीर देत नसत.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. कन्हानमध्ये घरोघर फिरून मी काय विचारू, म्हटलं, तुमच्या घरी माझ्या नावाची कोणी चोर आहे का? आई तव्यावरची भाकर उलटवून म्हणाली, "दादाजीले विचार ना वं. तुह्यं नाव त त्याईनंच देलं."

दादाजी आमच्या वस्तीतले सर्वांत जुने कार्यकर्ते. दीक्षेच्या दिवसांत ते वही घेऊन वस्तीवस्तीत, खेडोपाडी पायी फिरले. कोणाच्या घरी मूल जन्मणार असेल तर त्याला जुनं नाव नको, आपल्या धम्मातलं नाव द्या, म्हणून त्यांनी याद्या केल्या होत्या. त्या वर्षी जन्मलेल्या आम्हा सगळ्या पोरांची नावं त्यांच्या वहीतली. आता ते थकले होते. ओसरीवर उन्हात बसून असत आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला मोठ्याने जयभीम घालत.

"दादाजी, माझ्या नावाची दुसरी पोरगी कुठं असेल?"

"एक काहून? लय हायत." ते खूश झाले. "पोरींची नावं होती माह्याजवळ अकरा. सुजाता, विशाखा, महामाया, यशोधरा... बारावी पोट्टी झाली का पुन्हा पयल्या नावापासून सुरू. नाव कमी पडू देलं नाई कोनाले."

"आणि बाप नत्थू असेल, तरी?"

दादाजींचं हसू हळूहळू उतरलं. त्यांना माझी केस माहीत होती, सगळ्या इंदोऱ्याला माहीत होती, पण हा धागा त्यांनी तोवर ओढला नव्हता. "मंग हे माह्यामुळं झालं म्हन," ते म्हणाले. "माही चूक झाली बाई. मले वाटलं, नावं चांगली असली पाहिजे. एवढ्या पोरी पुढं बी.ए.ले बसतीन, हे मले कुठं ठाऊक होतं वं!" आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांच्यावर रागवायला गेले होते, ते जमलं नाही.

वही वाळवीने खाल्ली होती. पण दादाजींना घरं आठवत होती, आणि ती कशी, तर कुठे काय जेवले त्यावरून. डोळे मिटून ते म्हणू लागले, "कामठीत गोडबोरीच्या झाडाखाली, पिठलं. तितं पोरगा झाला. खापरखेड्याले वांगं, लय तिखट. कन्हानले... थांब. कन्हानले अंबाडीची भाजी आन ज्वारीची भाकर. पुलाच्या अलीकडं, रेल्वेच्या रुळाले लागून. नत्थू गजभिये, खाणीत होता तो. त्याची बाईबी तुह्या मायसारखीच होती, पोट पुढं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बसने कन्हानला गेलो. तो नत्थू वारला होता, घरात दुसरे भाडेकरू होते. पण त्याच्या मुलीला सगळे ओळखत. तिचं लग्न तिथेच, रामटेक्यांच्या घरी झालं होतं. नवरा खाणीत, घरी सासू. दार उघडलं तिने. कडेवर एक वर्षाची मुलगी. माझ्याहून ठेंगणी, सावळी, हनुवटीवर तीळ. मी तिच्याकडे बघत राहिले. या बाईला आणि मला एक समजणाऱ्या माणसाने आमच्यातल्या एकीकडे तरी पाहायला हवं होतं.

सासू बायजाबाई आत सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी पाणी दिलं, दादाजींना ओळखलं, पाया पडल्या. मग मी विचारलं, "वहिनी, तुम्ही पंचाहत्तर साली कामठीला बी.ए.च्या परीक्षेला बसल्या होत्या ना?"

तिने चटकन सासूकडे पाहिलं. "मी? नाई बाप्पा. मी त मॅट्रिकपुरतीच शिकली."

"यशोधरा नत्थू गजभिये ना तुम्ही?"

"लग्नाच्या आंधी होती. पर ते मी नोहो."

बायजाबाईंचं सूप थांबलं होतं. दादाजींनी माझ्या हाताला हात लावला आणि आम्ही उठलो. बसस्टॉपवर पोचतो न पोचतो तोच ती मागून आली, मुलीला घरी ठेवून, पदर डोक्यावर ओढून.

"ते चिठ्ठी माहीच होती," ती म्हणाली. "सासूले माहीत नाई. घरी सांगतलं का लग्न ठरलं म्हून शिकणं सोडलं. तुमी कोनाले सांगू नोका."

मी काय करायला हवं होतं? हात जोडायला हवे होते. कुसुमताईंनी बजावलंही होतं, नम्रपणे बोल म्हणून. पण सव्वा वर्षाचा राग एकदम तोंडावर आला. "तुझ्या एका चिठ्ठीपायी मला चोर म्हणतात! माझे दोन प्रवेश गेले. माझा बाप गिरणीतून सुटला की कोर्टात जाऊन बसतो, त्याला तिथली भाषासुद्धा कळत नाही. आणि तू मला म्हणतेस सांगू नको?" स्टॉपवरची माणसं बघायला लागली. दादाजी "हळू बोल वं, हळू बोल" म्हणत होते.

ती ऐकून घेत उभी राहिली. मग म्हणाली, "बाबा बिमार होते. वाचन झालं नोयतं. एक चिठ्ठी नेली, तेबी काढली नोयती अजून. मास्तरनं हात धरला आन मी पळाली." मग तिने विचारलं, "तुमी पास झाल्या?"

"दुसऱ्या वर्गात."

"चांगलं झालं," ती म्हणाली, आणि बस आली. मी खिडकीतून मागे पाहिलं नाही. तिचं 'चांगलं झालं' मला टोमणा वाटला होता. घरी पोचेपर्यंत कळलं की तो टोमणा नव्हता, आणि मग मला स्वतःचीच लाज वाटली. मी तिला कुसुमताईंचा पत्ता आणि तारीख लिहून कार्ड टाकलं. तिची गोष्ट मी कोणाला सांगणार नाही, असंही लिहिलं, पण सासूने वाचलं तर म्हणून ते खोडून फक्त 'भेटून बरं वाटलं' असं लिहिलं. उत्तर आलं नाही. कुसुमताईंना मी घडलेलं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "तिला ओढत आणता येईल, समन्स काढून. पण अशी आणलेली बाई कोर्टात काय बोलेल, याचा नेम नाही. वाट बघू."

आठ जानेवारीला सकाळी मी आई-बाबांबरोबर कोर्टात गेले. आई पहिल्यांदाच आली होती. दादाजी काठी टेकत आले. कुसुमताई फाइल उघडझाक करत होत्या, त्यावरून मला कळलं की त्यांनाही आशा नाही. आमच्या आधीच्या केसचं काम चालू होतं. त्याच वेळी मागच्या दारातून हिरव्या लुगड्यातल्या बायजाबाई आत आल्या आणि त्यांच्या मागे ती.

आम्ही व्हरांड्यात धावलो. कुसुमताईंनी तिचा शाळा सोडल्याचा दाखला घेतला, टायपिस्टला तिथेच बाकावर बसवून प्रतिज्ञापत्र करायला घेतलं. बायजाबाई मला म्हणाल्या, "तुमी गेल्यावर चार दिवस जेवली नाई हे. मंग सांगतलं तिनं आपल्या तोंडानं. मी दोन रोज बोलली नाई तिच्याशी. का नाई बोलली, त चोरी केली म्हून नाई. मले काहून नाई सांगतलं, म्हून." मग सुनेकडे वळून त्या मोठ्याने म्हणाल्या, "आपल्या चुकीपायी दुसऱ्याच्या पोरीनं काहून भोगावं? आता उभी राय सरळ."

आमचा पुकारा झाला. आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिलो. कुसुमताईंनी काही भाषण केलं नाही. दोन दाखले पुढे केले, दोन्हींवर एकच नाव, एकच बाप, एकच तारीख, आणि वेगवेगळ्या शाळा. न्यायमूर्तींनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. सह्या करून दाखवायला सांगितल्या. तिने टेबलावर वाकून सही केली. कामठीच्या फॉर्मवरची सही तिच्या सहीशी अक्षरशः जुळली, लग्न होऊनही. विद्यापीठाचे वकील कागद पाहून उठले आणि म्हणाले, की आता मला काही म्हणायचं नाही. ते सभ्य होते हे मी आधीच सांगितलं आहे, त्या दिवशी ते मला पटलंही.

न्यायमूर्ती निकाल सांगू लागले. विद्यापीठाचा हुकूम रद्द. याचिकाकर्तीला न विचारता तिच्यावर लबाडीचा ठपका ठेवला, तो पुसून टाकावा. दोन आठवड्यांत निकाल जाहीर करून पदवी द्यावी. हे इंग्रजीत होतं आणि ह्या वेळी मला शब्द न् शब्द कळला. बाबांनी मला विचारलं, "काय म्हनलं?" मी म्हणाले, "बाबा, मी पास झाले." त्यांनी तोंडावर रुमाल धरला. आई त्यांना हळूच म्हणाली, कोर्ट आहे, आवाज करू नका.

लघुलेखक पान उलटत होता. पट्टेवाला पुढची केस पुकारायला वळला. आम्ही निघायला हवं होतं. पण ती जागची हलली नाही.

"साहेब," ती म्हणाली. मराठीत, त्या हॉलमध्ये. कुसुमताईंनी तिचा दंड धरला, तो तिने सोडवला. "साहेब, माही चूक होती. मले तीन वर्सं देली होती, ते भरली. मले आता परीक्षेले बसता येते का?"

त्या प्रश्नाचा आमच्या केसशी काही संबंध नव्हता, एवढं मलाही कळत होतं. थोरल्या न्यायमूर्तींनी शेजारच्या न्यायमूर्तींकडे पाहिलं, मग विद्यापीठाच्या वकिलांकडे. दोन्ही तारखांना ज्यांच्या तोंडून मी एक मराठी शब्द ऐकला नव्हता, ते म्हणाले, "बसता येईल ना हो त्यांना?"

उंच वकिलांनी फाइल चाळली नाही की कुणाला विचारलं नाही. "येईल, माय लॉर्ड. नोव्हेंबरातच मुदत संपली."

मी तिच्याकडे पाहिलं. ती रडत नव्हती, मीच रडत होते. माझी पदवी मला मिळाली तेव्हा मला जितका आनंद झाला, तितकाच, खोटं कशाला बोलू, कदाचित थोडा जास्तच, तेव्हा झाला.

मागच्या बाकावरून बायजाबाई उठल्या. पट्टेवाला त्यांना बसायची खूण करत होता, तिकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"मंग त्याचा फारम कुठं भेटते, साहेब?"

न्यायमूर्ती हसले आणि त्यांनी पेनने माझ्याकडे दाखवलं. "ह्या बाई सांगतील. ह्यांना विद्यापीठाच्या सगळ्या खिडक्या माहीत झाल्या आहेत."

उन्हाळी परीक्षेचे फॉर्म भरायला दहा दिवस उरले होते. आई-बाबा दादाजींना घेऊन घरी गेले. आम्ही तिघी कोर्टातून सरळ विद्यापीठात गेलो आणि रांगेत उभ्या राहिलो. पुढे बायजाबाई, मधे ती आणि मागे मी.